मूस आणि माणूस

परक्या देशी आश्रयास गेलेल्या मनुष्याने त्या आश्रयाचे मोल म्हणून आपला भूतकाळ मोडीत काढावा काय, हा प्रश्न वरवर राजकीय दिसला तरी मुळात तो नीतीचा आहे. इस्रायल झँगविल ह्या इंग्रज यहुदी ग्रंथकाराने 'द मेल्टिंग पॉट' ह्या नाटकात त्याला होकारार्थी उत्तर दिले. १९०८ साली वॉशिंग्टन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः हजर होते व त्यांनी नाटकाची मुक्तकंठाने वाखाणणी केली. पुढे नाटक मागे पडले. त्याचे नाव मात्र अमेरिकेच्या बोलण्यात कायमचे रुजले.

कथानक थोडक्यात असे. १९०३ साली रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरी यहुद्यांची कत्तल होऊन ४९ माणसे मारली गेली. त्या कत्तलीत घरची सर्व माणसे गमावलेला डेव्हिड हा तरुण वादक न्यूयॉर्कला चुलत्याच्या गरीब बिऱ्हाडी येऊन राहतो. अमेरिका ही परमेश्वराची मूस असून तीत युरोपातील साऱ्या जाती वितळून नवा मनुष्य निर्माण होत आहे, ही त्याची श्रद्धा. तीच तो आपल्या सिंफनीत ओतू पाहतो. व्हेरा ह्या रशियन ख्रिस्ती युवतीवर त्याचे प्रेम जडते आणि मग उलगडा होतो की, कत्तलीस जबाबदार असलेला अधिकारी हा तिचाच पिता. डेव्हिड कोसळतो, परंतु अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी सिंफनी वाजल्यावर दोघांचे मनोमीलन होते.

पित्याचे पाप कन्येच्या माथी मारू नये, हा ह्या नाटकाचा बोध आम्हांस शिरोधार्य आहे. पण नाटककार त्याच्याच जोडीला दुसरी एक गोष्ट आपल्या गळी उतरवितो: वैर विसरावयाचे तर आपलेपणही विसरले पाहिजे. ह्या दोन गोष्टी एक आहेत काय? आमच्या मते नाहीत. क्षमेला स्मरण लागते. ज्याला आपल्या मृतांची आठवण उरली नाही, तो क्षमा तरी कशाची करणार? डेव्हिडची क्षमा थोर ठरते ती त्याला किशिनेव्ह आठवते म्हणूनच. तो सारे विसरून वितळला असता, तर त्या मीलनात काडीचेही मोल उरले नसते.

नाटकात डेव्हिडची वृद्ध आजी आहे. तिला यिद्दिशखेरीज दुसरी भाषा येत नाही, आणि पोटासाठी लेकाला व नातवाला शब्बाथ मोडावा लागतो ह्याचे दुःख ती मुकाट्याने गिळते. डेव्हिडचे वितळणे हा त्याच्या स्वप्नाचा भाग आहे. म्हातारीच्या घरचा शब्बाथ मोडतो तो दारिद्र्याने. स्वेच्छेने केलेला त्याग आणि भाकरीसाठी पत्करलेली लाचारी ह्या दोहोंना एकाच मुशीचे नाव देणे हा अन्याय होय. उलट, त्याच घरातील आयरिश मोलकरीण आरंभी यहुदी चालीरीतींना कंटाळते व पुढे त्यांच्या सणात हौसेने सामील होते. ती काही वितळली नाही; तिने केवळ शेजारधर्म ओळखला. नाटककाराच्या सिद्धान्तापेक्षा त्याचे हे चित्र अधिक शहाणे आहे.

शिवाय डेव्हिड रचतो ती सिंफनी. सिंफनीत व्हायोलिन वितळून बासरीत मिसळत नाही. प्रत्येक वाद्य आपला सूर राखते म्हणूनच मेळ जमतो. होरेस कॅलन ह्या तत्त्वज्ञाने १९१५ साली वाद्यवृंदाची हीच उपमा मुशीविरुद्ध पुढे मांडली.

कोणी म्हणेल, यजमानाने दार उघडले, तेव्हा पाहुण्याने त्याच्या घरासारखे वागावे. वागावे खरेच: त्याचे कायदे पाळावे, भाषा शिकावी, त्याच्या सुखदुःखात सहभागी व्हावे. पण वितळण्याच्या बदल्यात आश्रय हा करार तरी पाळला गेला काय? १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने राष्ट्रवार संख्या ठरवून पूर्व युरोपातील लोकांस दार जवळजवळ लावून घेतले. १९३९ साली नऊशेंहून अधिक यहुदी निर्वासितांना घेऊन निघालेले 'सेंट लुई' जहाज क्यूबा व अमेरिका ह्या दोहोंच्या किनाऱ्यांवरून युरोपास परतले, आणि त्यांतील अनेकजण पुढे नाझींच्या हाती सापडून मेले. वितळावयास सिद्ध असलेल्यांनाही मूस मिळाली नाही.

आमच्या कोकणातील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' शतकानुशतके आपला शब्बाथ पाळीत राहिले, मराठी बोलले, आणि मोशे-दाविदांची आख्याने मराठी कीर्तनात गाऊ लागले. त्यांनी काही सोडावे असा हट्ट शेजाऱ्यांनी धरला नाही. गंमत अशी की, १९४८ नंतर ह्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले तेव्हा त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका निघाली ती तेथल्या धर्मपीठाकडून, आणि १९६४ साली शासनाने त्यांना पूर्ण मान्यता देईपर्यंत त्यांना झगडावे लागले. स्वकीय म्हणविणारेही मूस घेऊन बसलेले असतात, हेच ह्यावरून दिसते.

धातू वितळवून दागिना घडविणे हे सोनाराचे काम. पण सोन्याला आजी नसते. मनुष्याला असते. निर्वासिताकडून कृतज्ञता मागण्याचा अधिकार यजमानास आहे; त्याची स्मृती मागण्याचा नाही.