लेकराच्या बाबतीत घाई नको



धर्माबादसारख्या गावात कधी एखाद्या घरी असे बाळ जन्मते की मुलगा की मुलगी, हे पाहताक्षणी सांगता येत नाही. घराचे दार लोटले जाते आणि 'हैदराबादला नेऊन ऑपरेशन उरकून टाकू' असे ठरते. अशा वेळी बाळाच्या भल्यापेक्षा लोकांच्या तोंडाची भीती मोठी असते, हे आपण कबूल करायला हवे.

आपल्या फुकहांनी अशा बाळाला 'खुन्सा' म्हटले. ते प्रथम मूत्रमार्गावरून निर्णय करीत. तेवढ्याने उलगडा झाला नाही तर वयात येईपर्यंत थांबत. पण थांबणे म्हणजे टाकून देणे नव्हते. त्याचा वारसाहक्क, त्याचे कफन, सर्वांचे नियम त्यांनी लिहिले. हनफी फिकहमध्ये तर जमाअतीत त्याची रांगही ठरलेली आहे : मुलांच्या मागे, स्त्रियांच्या पुढे. मशिदीत ज्याला जागा होती, त्याला आपण घरात लपवतो!

22 एप्रिल 2019 रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अशा अर्भकांवरील लिंग ठरविणाऱ्या शस्त्रक्रियांना मनाई करण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने तसा आदेश काढला. अपवाद एकच, जिवाला धोका असण्याचा.

शरीर निरोगी असून मनाची घालमेल असलेल्या किशोरांचा प्रश्न वेगळा आहे. टेनेसी राज्याने अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांवर घातलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 18 जून 2025 रोजी कायम ठेवली. अल्लाहची रचना बदलविण्याची शपथ सैतानाने घेतली, असे सूरह अन-निसा (4:119) सांगते. म्हणून ही मर्यादा आम्हास योग्य वाटते. परंतु ती मारहाणीचा परवाना नव्हे. केवळ ट्रान्सजेंडर असल्याच्या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशाविना आई-वडिलांपासून वेगळे करू नये, असे आपल्या देशाच्या 2019 च्या कायद्याला लिहावे लागले. ज्यांना लेकरू अमानत म्हणून मिळाले, त्यांनी हे वाचून मान खाली घालावी.

तेव्हा असे बाळ घरी आले तर आधी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एका आजारात अशा बाळाच्या अंगातील मीठ कमी होते, पहिल्या काही आठवड्यांतच उलट्या होऊन ते मलूल पडते. तेथे एक दिवसही दवडू नका, औषध त्वरित सुरू करा. लघवी अडत असेल तर तोही उपचार तत्काळ हवा. एवढे झाल्यावर डॉक्टरांना विचारा, "ऑपरेशन आज केले नाही तर बाळाच्या जिवाला धोका आहे का?" उत्तर 'नाही' असेल, तर बाळाला घेऊन घरी या.