द्राक्षवेलीवरून आलेली बातमी



इंग्रजीत बोलण्याची एक रीत आहे. एखादी बातमी अधिकृतपणे न कळता या तोंडून त्या तोंडी फिरत आली, तर ती 'ग्रेपव्हाइन'वरून, म्हणजे द्राक्षवेलीवरून कळली असे म्हणतात. ऑफिसात बदल्यांची यादी लागण्याआधीच कोण कुठे जाणार हे शिपायालासुद्धा ठाऊक असते, ते या वेलीमुळे. आपण त्याला सांगोवांगी म्हणतो. प्रभू येशूने स्वतःला द्राक्षवेल म्हटले, मग त्याच वेलीचे नाव कुजबुजीला कसे चिकटले, असे कोणी विचारील. म्हणून थोडा इतिहास.

१८४४ साली सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला. पाहता पाहता अमेरिकेत तारांचे जाळे पसरले आणि लोक थट्टेने 'द्राक्षवेलीच्या तारायंत्रा'बद्दल बोलू लागले. ना खांब, ना तारमास्तर, तरी बातमी पोचते! १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांच्या छावण्यांत या तारायंत्रावरून खऱ्याखोट्या बातम्या धावत असत.

पण त्याच वेलीची दुसरी एक कथा आहे. बुकर टी. वॉशिंग्टन हे व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले आणि पुढे नामांकित शिक्षक झाले. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात ते सांगतात, की मालकाचे टपाल आणायला पाठवलेला गुलाम पोस्टात थोडा रेंगाळत असे. तिथे जमलेल्या गोऱ्या लोकांचे बोलणे तो कान देऊन ऐके आणि परतताना ते आपल्या लोकांना सांगे. त्यामुळे युद्धाची मोठी बातमी पुष्कळदा मालकाच्या वाड्याआधी गुलामांच्या झोपड्यांत पोचलेली असे. ज्या समाजाला लिहायला-वाचायला शिकवणे अनेक दक्षिणी राज्यांत कायद्याने गुन्हा होता, त्याने आपल्या सुटकेची वार्ता दुसरी कुठून मिळवावी? त्या माणसाला चहाडखोर म्हणायला आमची जीभ धजत नाही.

मग पाप नेमके कशात आहे? बातमी पाठीमागून आली यात नाही, हे तर उघड झाले. ती खोटी असेल तर पाप, खरी असेल तर नाही, असे पुष्कळांना वाटते. पापनिवेदनाच्या तयारीतही आपण स्वतःला हाच प्रश्न विचारतो : 'मी खोटे बोललो का?' उत्तर 'नाही' आले की मन मोकळे.

संत थॉमस अक्वायनस इतक्या सहज सोडत नाहीत. तोंडावर शिवी देणे हे दरोड्यासारखे आणि पाठीमागे निंदा करणे हे चोरीसारखे, अशी तुलना ते करतात. चोरीला जाते ते माणसाचे नाव. आणि झाकलेली खरी गोष्ट कारणाशिवाय उघडी केली तरी ती चोरीच. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथानेही हा भेद राखला आहे : खोटा आळ घेणे वेगळे, योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष सांगत सुटणे वेगळे, आणि दोन्हीही पाप. 'पण फादर, मी खरे तेच सांगितले' ही सबब इथे कोलमडते. शेजाऱ्याच्या मुलाची नोकरी गेली हे खरे असेल. ते तुम्ही कोणाला सांगितले आणि कशासाठी? नोकरी देऊ शकेल अशा माणसाला सांगितले असेल तर धन्यवाद.

आमच्या मते सर्वांत फसवी जागा प्रार्थनेची आहे. 'त्यांच्या घरात काय चालले आहे ते बोलायला नको, पण प्रार्थनेत आठवण ठेवा हं', असे म्हणून कोपऱ्यावर अर्धा तास तेच बोलले जाते. हल्ली व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रासह तेच येते. ज्या घराविषयी हे चालते, त्या घराला ते सर्वांत शेवटी कळते. मग ती माणसे शेजारच्या धर्मग्रामात मिस्सेला जाऊ लागतात आणि आपण म्हणतो, हे हल्ली दिसत नाहीत.

याच्या उलट बाजूही तितक्याच गंभीरपणे सांगायला हवी. निंदा पाप आहे म्हणून तोंड शिवून बसणे हे काही पुण्य नव्हे. लग्नाला अडथळा ठाऊक असेल, तर तो लग्नाआधी धर्मगुरूंना किंवा बिशपांना कळवणे ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्याने प्रत्येक भाविकाचे कर्तव्य ठरवले आहे. कळवायचे ते धर्मगुरूंना, हळदीच्या मांडवात नव्हे! आणि एखाद्या मुलाचे लैंगिक शोषण होत असल्याचे समजले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावेच लागते. 'कोणाचे नाव खराब करू नये' या सुंदर शिकवणुकीच्या आड जगभर कित्येक ठिकाणी आम्हां धर्मगुरूंचीच दुष्कृत्ये झाकली गेली. त्याची किंमत लहान मुलांनी मोजली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू आणि व्रतस्थांवर अशा तक्रारी वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले, ते उगाच नाही. अशा वेळी कुजबुजसुद्धा पुरेशी नसते. कोणीतरी उठून दारापर्यंत जावे लागते.

ऐकणाऱ्याचे काय? अक्वायनस त्यालाही मोकळे सोडत नाहीत. अडवता येत असून जो न अडवता ऐकतो, तो पापात भागीदार होतो. इथे मात्र आपल्याला भीड आडवी येते. पाहुण्याला 'पुरे' कसे म्हणायचे?

संत ऑगस्टिन यांनी त्यावर उपाय काढला होता. हिप्पो नगरीचे बिशप असताना त्यांच्या जेवणाच्या मेजावर एक मजकूर लिहिलेला असे. गैरहजर माणसाचे लचके तोडणाऱ्याने या मेजावर आपल्याला जागा नाही असे समजावे, असा त्याचा आशय. एकदा त्यांचे अगदी जवळचे काही बिशपच जेवताना ते विसरले. तेव्हा ऑगस्टिन चांगलेच चिडले. एक तर हा मजकूर मेजावरून खोडून टाका, नाही तर मी जेवण टाकून माझ्या खोलीत जातो, असे त्यांनी सुनावले. ही हकिकत लिहून ठेवणारे त्यांचे चरित्रकार पोसिडियस त्या वेळी मेजावर स्वतः बसलेले होते.