पुस्तक माझ्याकडे होतं

चाकणच्या ज्या कंपनीत मी सेकंड शिफ्ट करतो, तिथल्या कॅन्टीनच्या मावशींनी एका संध्याकाळी पदराची गाठ सोडून एक चांदीचा रुपया माझ्या हातावर ठेवला. "तुला जुन्या नाण्यांचा नाद आहे ना? बघ बरं, काय येईल याचं." वर फारशी अक्षरं, कडा वेड्यावाकड्या. सासूच्या डब्यात सापडला म्हणाल्या. मी फोनवर चांदीचा भाव काढला, अकरा ग्रॅमचे होतात तेवढे सांगितले. ७०० रुपये. त्यांनी खुशीत घेतले आणि मला एक पापड जास्त वाढला.

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. फक्त अंकुशाच्या बाजूची एक बारीक खूण मी नाणं हातात घेतल्याघेतल्या ओळखली होती, आणि ती ज्या पानावर छापलीय ते पान मला पाठ होतं.

पुस्तकाचं नाव 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज'. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं, १९८९ साली नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढलेलं. (माझी प्रत झेरॉक्स आहे, कबूल करतो.) असली पुस्तकं सलग वाचायची नसतात, शेजारी उघडी ठेवून नाणं फिरवत बसायचं असतं. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असं देवनागरीत असतं, ती कुणालाही वाचता येते. पेशवाईतला रुपया मात्र फारशीत दिल्लीच्या बादशहाचं नाव सांगतो. तो पडला कुठे, हे कळतं अंकुश, फूल असल्या खुणांवरून. त्यात नाणं ठशापेक्षा लहान, म्हणजे निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच राहिलेली. चिंचवडलाही तेव्हा टाकसाळ होती, हे मला शाळेत नाही, या पुस्तकाच्या नादात कळलं. पुस्तक नसेल तर असा रुपया म्हणजे नुसती अकरा ग्रॅम चांदी. आठवड्याभरात एक डीलर माझ्या रुपयाला सहापट द्यायला तयार झाला.

आता माझी बाजू. पाच वर्षं गुरुवारच्या सुट्ट्या मी या पानांत घालवल्यात. शिफ्टच्या आधी, बुधवारच्या सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात उन्हात उकिडवा बसलोय. बनावट नाण्यांत दोनदा फसलोय. त्या शिकण्याची किंमत मला कोण देणार? जुन्या बाजारात स्वस्तात काही हाती लागलं तर मला कधी लाज वाटली नाही, कारण तिथला विक्रेता माझ्यापेक्षा वस्ताद असतो. मग इथेच का टोचावं?

हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने लिहून ठेवलाय. रोड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत, हे फक्त त्याला माहीत. सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, मालातला दोष सांगायलाच हवा, पण बाकी सगळं सांगायला तो बांधलेला नाही. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो शिष्याच्या बाजूने जातो. मला गुरूचं पटत होतं. मी तर दोषही लपवला नव्हता, गुण लपवला होता.

अमेरिकेत सिगारेट आणि च्युइंग गमच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची कार्डं निघायची. त्यांचं पहिलं मोठं कॅटलॉग सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिकने केलं. तो आपल्यासारखाच कारखान्यातला माणूस, विजेच्या सामानाच्या कंपनीतला. गोळा केलेली तीन लाखांवर कार्डं त्याने मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली. पुढे दरपुस्तिका आल्या आणि भांडणंही आली. १९९० मध्ये इलिनॉयमधल्या ॲडिसन गावात १२ वर्षांच्या मुलाने नोलन रायनचं कार्ड १२ डॉलरला घेतलं. दुकानदाराने त्यावर १२०० लिहिलं होतं, गल्ल्यावर बसलेल्या नवख्या माणसाने ते १२ वाचलं. मालक कोर्टात गेला. शेवटी कार्डाचा लिलाव होऊन पैसे दानधर्माला गेले.

या गोष्टीत मी बेधडक मुलाच्या बाजूने आहे. पण मग मी विचार केला, का? तर तो आकडा दुकानदारानेच लिहिला होता. भाव त्याला पाठ होता, चूक त्याच्या दुकानात झाली. मावशींच्या दुकानात कुठलंच पुस्तक नव्हतं. त्यांचं पुस्तक मीच होतो. 'बघ बरं' म्हणून त्यांनी मला उघडलं आणि मी चुकीचं पान दाखवलं.

हेही मला लगेच सुचलं नाही. सुचलं ते आजोबांच्या वर्षश्राद्धाला. जेवताना जमिनीचा विषय निघाला, तो दरवर्षी निघतोच. आजोबांनी चाकणजवळची दीड एकर जमीन एका गृहस्थाला विकली. इथे कंपन्या येणार, रस्ता कुठून जाणार, हे त्याने नकाशात पाहिलं होतं, आजोबांनी नव्हतं. तोही खोटं बोलला नाही. चालू भावाने, रोख व्यवहार. आजोबा त्याला जेवायला घालून सोडायला एसटीपर्यंत गेले होते. त्यानेही म्हणे सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवल्या होत्या तो नकाशा मिळवायला. पुढे त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या शेडच्या गेटवर माझ्या वडिलांनी नऊ वर्षं वॉचमनकी केली. आमच्या घरात त्या गृहस्थाचं नाव अजून शिवीसारखं घेतात. माझ्या ताटात पापड होता, तो मोडवेना.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्स आणि रुपया घेऊन कॅन्टीनला गेलो. खूण दाखवली, डीलरने सांगितलेला आकडा सांगितला, वरचे सगळे पैसे तुमचे म्हणालो. मावशींनी हात पुसले, पान बघितलं.

"माझ्याकडून घेतलास तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

त्यांनी मागच्या पोराला भात वाढला. मग म्हणाल्या, "रुपया दे माझा. तुझे सातशे पगाराला देते." दिलेही, पगाराच्या दिवशीच. डीलरचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून दिला होता, तो त्यांनी लावला नाही. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "सोनाराच्या काट्यावर निदान दिसतं तरी. तुझ्या पुस्तकाचं तुझं तू बघ." घरातली मोडकी जोडवी आणि तो रुपया त्यांनी सोनाराकडे घातला, नातीला पैंजण केले.

तो रुपया आता नाही. माझ्या अल्बममध्ये असता तर वाचला असता. हे मी त्यांच्यापुढे अजून बोललेलो नाही. पैंजण त्यांनी मला फोनवर दाखवले, छान आहेत.