पापणीवरची घडी

माणसाच्या वरच्या पापणीवर, केसांच्या ओळीपासून थोडे वर, एक बारीक घडी असते. डोळा उघडला की कातडी त्या रेषेवर आत दुमडते आणि डोळा मिटला की घडी सपाट होते. आपल्याकडे ती बहुतेकांना असते, आणि म्हणूनच बहुधा मराठीत तिला वेगळे नाव नाही. जे सर्वांपाशी असते त्याला नाव देण्याचे कुणाला सुचत नाही. कोरिया, चीन, जपान या देशांत ढोबळमानाने निम्म्या लोकांना ही घडी जन्मतः नसते. तेथे तिला 'दुहेरी पापणी' अशा अर्थाचे नाव आहे. आणि नाव आहे म्हणून, ज्यांना ती नाही त्यांच्या वाट्याला उणीवही आली आहे. ती उणीव शस्त्रक्रियेने भरून काढणे ही आज तेथे अगदी सर्रास चालणारी गोष्ट आहे.

आम्ही या विषयाकडे वळलो ते आपणहून नव्हे. २०१६ च्या जूनमध्ये दांडिया बाजारामागच्या आमच्या घराच्या माडीवर मणिपूरची एक मुलगी भाड्याने राहावयास आली. चित्रकला शिकण्यासाठी ती बडोद्यास आली होती. तिचे नाव तिच्या परवानगीवाचून छापणे योग्य नव्हे, म्हणून येथे देत नाही. त्या काळी ते ठाऊक असूनही आम्ही ते घेत नव्हतो, ही गोष्ट निराळी. श्रावणातल्या एका संध्याकाळी ती आमच्या सौभाग्यवतींबरोबर डाळिंब्या सोलीत बसली होती. बोलता बोलता तिने सांगितले, की हिवाळ्यात घरी जाईन तेव्हा पापण्यांवर घडी पाडून घेण्याचा विचार आहे; पैसे साठवते आहे. आम्ही शेजारी वर्तमानपत्र वाचीत होतो. न राहवून म्हणालो, "देवाने दिलेला चेहरा असा कापूनकुपून बदलू नये, बेटा." ती हिंदीत म्हणाली, "अंकल, दोन महिने झाले, तुम्ही मला एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. खाली कुणी आले की तुम्ही सांगता, वर ती नेपाळी मुलगी राहते. मी नेपाळची नाही." आवाजात राग नव्हता. बोटे वालाची साले काढीतच होती.

त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही. पुढे पुष्कळ दिवस या घडीविषयी मिळेल ते वाचीत गेलो, आणि वाचता वाचता आमच्या त्या उपदेशातील एकेक शब्द गळून पडला.

प्रथम 'देवाने दिलेला चेहरा' हा शब्दप्रयोग घेऊ. आम्ही स्वतः चष्मा लावतो, दात नवे बसविले आहेत, आणि आमच्या मुलीचे कान ती बाराव्या दिवशी पाळण्यात असताना सोनाराकडून टोचवून घेतले; तिची संमती कुणी विचारली नव्हती. तेव्हा शरीर जसे आले तसे ठेवावे, हा आमचा नियम कधीच नव्हता. खरे तर तो नियम आपल्यापेक्षा कोरियाने अधिक निष्ठेने पाळला. शरीर, केस व त्वचा ही आईबापांची देणगी असून तिला इजा न करणे हा पितृभक्तीचा आरंभ होय, अशी कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण. १८९५ च्या अखेरीस तेथील शासनाने पुरुषांनी डोक्यावरचा बुचडा कापावा असा हुकूम काढला, तेव्हा याच शिकवणीचा आधार घेऊन विद्वानांनी त्यास कडवा विरोध केला. केसांसाठी ज्या देशाने एवढे रण माजविले, त्याच देशात आज महाविद्यालय-प्रवेशाची मोठी परीक्षा नोव्हेंबरात आटोपली की काही आईबाप मुलीला बक्षीस म्हणून पापण्यांची शस्त्रक्रिया करवून देतात. मुलीचे भले व्हावे हीच इच्छा तेव्हाही होती आणि आताही आहे.

शस्त्रक्रियेचे तंत्र फार गूढ नाही. पापणी उचलणाऱ्या स्नायूचे तंतू ज्यांच्या कातडीपर्यंत पोहोचतात त्यांना घडी पडते. ज्यांचे पोहोचत नाहीत, व जेथे डोळ्याभोवतीची चरबी थोडी खाली उतरलेली असते, तेथे पापणी सपाट व भरीव दिसते. वैद्य हा सांधा कृत्रिमपणे घालून देतो. एका पद्धतीत नुसते बारीक टाके घालतात, ते पुढेमागे सैल होऊ शकतात. दुसरीत कातडीवर चीर देऊन थोडी चरबी काढतात, ती घडी कायमची. दृष्टीत मात्र तसूभर फरक पडत नाही. सपाट पापणीचा डोळा पूर्वी जेवढे पाहात होता तेवढेच नंतरही पाहतो. बदलते ते त्याच्याकडे पाहिले जाणे.

या क्रियेची पहिली नोंद १८९६ सालची, जपानमधील मिकामो नावाच्या वैद्याची. त्याच्याकडे आलेल्या स्त्रीच्या एका डोळ्यावर घडी होती, दुसऱ्यावर नव्हती. त्याने रेशमी टाक्यांनी दोन्ही डोळे सारखे केले. ही हकिकत वाचून आम्हांला बरे वाटले होते, कारण तिच्यात कुणाची नक्कल नाही. एकाच चेहऱ्याचे दोन भाग एकमेकांशी जुळवून घेण्याची साधी इच्छा आहे. दुसरी हकिकत १९५४ सालची आहे. राल्फ मिलार्ड हा अमेरिकी शल्यविशारद युद्धानंतर कोरियात सैन्यासोबत होता. दुभंगलेल्या ओठांच्या कोरियन मुलांवर उपचार करीत असताना त्याने ओठ जोडण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिने पुढे जगभरातील असंख्य मुलांना धड ओठ दिले. त्याच माणसाने त्याच देशात पापण्यांवर घडी पाडण्यासही आरंभ केला. त्याच्याकडे एक कोरियन दुभाष्या आला होता. त्याचे गाऱ्हाणे असे, की आपल्या डोळ्यांमुळे अमेरिकी लोकांना आपल्या मनात काय आहे ते कळत नाही, आणि म्हणून ते आपल्यावर विश्वास ठेवीत नाहीत. मिलार्डने त्याचे डोळे 'सुधारले'. अविश्वास अमेरिकी मनात होता आणि चीर पडली ती कोरियन पापणीवर. निदान चुकले नसेल, पण रोगी बदलला गेला.

ओठ जोडणे हा उपचार आणि पापणी दुमडणे ही हौस, असा सोपा भेद आम्ही काही दिवस मनाशी धरून होतो. तोही टिकला नाही, आणि त्याला कारण झाली ती आपल्याच मुलखातील एक गोष्ट. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये पुण्याकडची एक हकिकत छापून आली. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा बैलहाक्या टिपूच्या कैदेत सापडला असता त्याचे नाक कापण्यात आले. पुढे वीटकामाच्या जातीतील एका शल्यकर्मीने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. युरोपातील प्लॅस्टिक शस्त्रक्रियेला नवी चालना मिळाली ती याच वृत्तापासून. आता पाहा, कावसजीला नाकावाचून श्वास घेता येत होता, जेवताही येत होते. कापलेले नाक ही आपल्याकडे देहाची नव्हे तर अब्रूची जखम. आजही 'नाक कापले' म्हणताना नाकाचा विचार कुणी करीत नाही. तेव्हा कावसजीचा उपचारदेखील लोकांच्या नजरेवरचाच उपचार होता, आणि तो त्याने करून घेतला म्हणून त्याला दोष देणारा माणूस आम्हांला भेटलेला नाही.

मग फरक कशात? आम्हांला तो एवढाच दिसतो, की कावसजीला जे परत मिळाले ते त्याचे होते व कुणी हिरावून घेतले होते. माडीवरच्या मुलीचे कुणी काही कापले नव्हते. जे तिच्या आईला, आजीला, साऱ्या गावाला आहे त्यालाच कापलेल्या नाकासारखे वागविले जात होते. ज्या चेहऱ्यात काही मोडलेले नाही तो दुरुस्तीस आणावा लागतो, याचा अर्थ मोडतोड अन्यत्र झालेली असली पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पूर्व आशियातील स्त्रिया म्हणतात की, आम्ही गोऱ्यांची नक्कल करीत नाही. आमच्यातल्याच निम्म्यांना ही घडी आहे, बहिणीला आहे, शेजारणीला आहे, ती आम्हांला सुंदर वाटते, एवढेच. आमचे शरीर, आमचा निर्णय. दुसऱ्याच्या मनात गुलामी शोधीत बसणे हाही एक प्रकारचा उद्धटपणाच आहे, आणि वयोवृद्धांना तो फार लवकर जडतो. आमच्या पाहुणीपुढेही युरोपियन चेहरे नव्हतेच. २००० साली मणिपुरात एका भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, तेव्हापासून तेथे कोरियन चित्रपट व मालिका घरोघरी पोहोचल्या. पडद्यावर तिने लहानपणापासून पाहिले ते आपल्याच वळणाचे चेहरे. मात्र त्यांतल्या बऱ्याच पापण्यांवर घडी होती.

तरीही 'निर्णय' या शब्दाशी आम्ही अडखळतो. अमेरिकेतील दूरचित्रवाणी-निवेदिका ज्युली चेन यांनी २०१३ मध्ये प्रेक्षकांसमोर सांगितले, की तरुणपणी ओहायोत वार्ताहर असताना त्यांच्या वरिष्ठाने तुझे डोळे कंटाळलेले, निरुत्साही दिसतात असे सुनावून मोठी संधी नाकारली. पुढे त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. घरात मतभेद झाले. नंतर कारकीर्द बहरली. त्यांनी चूक केली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर कदाचित तेच केले असते. पण ती शस्त्रक्रिया यशस्वी झाली तेव्हा तो वरिष्ठही खरा ठरला. पुढच्या मुलीला तेच वाक्य सांगताना त्याच्यासारख्याची जीभ अधिक सहज वळेल.

गणेशोत्सवातील कार्यक्रमात पहिल्या रांगेतला एक जण नीट दिसावे म्हणून उभा राहतो. मागचाही उभा राहतो. थोड्या वेळाने सारा मांडव उभा असतो, दिसते पूर्वीइतकेच, पाय मात्र सर्वांचे दुखतात. आणि जी म्हातारी बसून राहिली तिला आता काहीच दिसत नाही. उभा राहणारा प्रत्येक जण निरपराध आहे. कोरियात हे ध्यानात आलेले दिसते. २०१७ पासून तेथे सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीच्या अर्जांतून छायाचित्र वगळण्यात आले, आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीने कामाशी संबंध नसता उमेदवाराचे रूप, उंची, वजन यांची विचारणा करणे दंडास पात्र ठरले. मधल्या २०१८ सालात अनेक तरुणींनी आपली सौंदर्यप्रसाधने फोडून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. म्हातारीला उभे राहावयास शिकविण्यापेक्षा पहिल्या रांगेला बसावयास सांगण्याचा हा प्रयत्न आहे. तो कितपत साधेल, हा प्रश्न वेगळा.

आमच्याकडे पहिल्या रांगेत कोण आहे? येथवर आम्ही सोल आणि ओहायो येथे हिंडलो, कारण तेथे दोष देणे सोपे होते. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत निडो तानिया हा अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी आपल्या रूपावरून झालेल्या टवाळीतून उद्भवलेल्या मारहाणीनंतर मरण पावला. ईशान्येतील नागरिकांना इतर भागांत काय सोसावे लागते हे पाहण्यासाठी सरकारने बेझबरुआ समिती नेमली. त्यांच्या डोळ्यांवरून पाडलेला तो शब्द आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेला आहे. आम्ही तो कधी उच्चारला नाही, असा आमचा अभिमान होता. आम्ही 'नेपाळी मुलगी' म्हणत होतो, आणि त्यात प्रेम आहे अशी आमची समजूत होती.

खरे म्हणजे हे आपल्याला समजावयास हवे होते. आपली घराणी दीडशे-दोनशे वर्षे परमुलखात राहिली आहेत. आम्ही शाळेत असताना आमच्या गुजरातीतील मराठी हेल ऐकून वर्ग हसत असे, आणि तो हेल जावा म्हणून वडिलांनी संध्याकाळी एक गुजराती मास्तर ठेवले होते. हेल गेला. आता घरात मराठी बोलतानाही तो परत येत नाही. त्या शिकवणीला आम्ही कुणी शस्त्रक्रिया म्हटले नाही, पण टाके पडले होते. आणि याच घरांत स्थळे पाहताना 'मुलगी घारी आहे' हे वाक्य केवढ्या कौतुकाने उच्चारले जाई, व काळ्यासावळ्या बहिणीला आतल्या खोलीत कसे बसविले जाई, हेही वाचकांनी पाहिले असेल. डोळ्यांचा भाव ठरविण्याचे काम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केले आहे.

त्या श्रावणानंतर आम्ही तिला नावाने हाक मारू लागलो. उच्चार सुरुवातीस चुकत असे, ती दुरुस्त करीत असे. घडीविषयी ती पुन्हा बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही. तसा आम्हांला अधिकार उरला नव्हता. शिक्षण संपवून ती गेली, आणि २०१९ च्या दिवाळीत, मैत्रिणीकडे आली असता, फराळाच्या वेळी अचानक दारात उभी राहिली. हातात आमच्या सौभाग्यवतींसाठी विणलेला शेला होता. तिने "अंकल" म्हणून नमस्कार केला. आम्ही तिचे नाव घेऊन "ये" म्हणालो खरे, परंतु ते म्हणण्यापूर्वी आमची दृष्टी तिच्या पापण्यांवर जाऊन आली होती. तिच्या ते लक्षात आले, आणि ती हसून आत स्वयंपाकघराकडे गेली.