‘मला क्षमा करवत नाही’

माणसाच्या हातून काय होऊ शकते, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या मुळाशी आहे. जे मुळी शक्यच नाही, त्याबद्दल कोणाला दोषी कसे धरावे? या बाबतीत आपल्या मायमराठीने मोठा विवेक राखला आहे.

‘मला पोहता येत नाही’ म्हणजे ती विद्या मी शिकलो नाही. ‘मी आज येऊ शकत नाही’ म्हणजे बहुधा काही अडचण आड आली आहे. दहिसर स्टेशनच्या पुलापाशी थबकलेली आजी मात्र म्हणते, ‘बाळा, मला जिना चढवत नाही रे.’ व्याकरण याला शक्य क्रियापद म्हणते. येथे ‘मी’ मागे सरून ‘मला’ होतो. इच्छा आहे, पण अंगात बळ नाही. ‘मी चढणार नाही’ हे वाक्य अगदी निराळे. त्यात शक्यतेचा प्रश्नच नाही. तो निर्धार आहे.

वाटणीवरून दुरावलेल्या भावांच्या घरी हा भेद कळीचा ठरतो. ‘फादर, मला क्षमा करवत नाही,’ असे कोणी म्हणतो. जखम ओली असताना या उद्गाराचा मान राखला पाहिजे. परंतु पुष्कळदा आपण ‘करणार नाही’ या निर्धारावर ‘करवत नाही’ची शाल पांघरतो. खरे काय, हे शेजाऱ्याला कळत नाही, धर्मगुरूलाही नाही. ज्याने त्याने आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला विचारावे. एक कसोटी मात्र सांगता येईल: ज्याला खरोखरच चढवत नाही, तो आधारासाठी हात पुढे करतो. ज्याला चढायचेच नाही, तो हात मागे घेतो.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली संत ऑगस्टीनच्या शिकवणुकीचा आधार घेऊन सांगितले, की देव अशक्य गोष्टींची आज्ञा करीत नाही. जे जमते ते आपण करावे आणि जे जमत नाही त्यासाठी याचना करावी. संत मार्कच्या शुभवर्तमानातील (अध्याय ९) आजारी मुलाच्या पित्याने हेच केले. आपला विश्वास उणा आहे हे जाणून त्याने त्या उणेपणासाठीच प्रभूकडे साहाय्य मागितले.

मराठीचे आणखी एक लेणे पाहा. ‘आजीला आता चालवते’ आणि ‘आई बाळाला चालवते’ या दोन्ही वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. एकात चालण्याची शक्ती आहे, दुसऱ्यात चालविणारा हात. कृपेचे रहस्य समजावयाला याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून ‘मला क्षमा करवत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणाऱ्याने तेथेच थांबू नये. पुढचे वाक्य प्रार्थनेत म्हणावे: ‘प्रभो, तूच माझ्याकडून ती करवून घे.’