‘केवळ’ आणि ‘मुख्यत्वे’

जे. नोहा स्ली हा अमेरिकेतला तेलाचा कारखानदार. शिवणयंत्रात, सायकलच्या चेनला, कुरकुरणाऱ्या बिजागरीला दोन थेंब सोडायचं ते डबीतलं ‘थ्री-इन-वन’ तेल त्याच्या कंपनीचं. त्याची बायको मार्गारेट सँगर, संततिनियमनाच्या चळवळीची पुढारी. हीच बाई १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालून गेली. तिच्या ‘अमेरिकन बर्थ कंट्रोल लीग’ला स्लीने देणग्या दिल्या आणि त्या रकमेची आपल्या उत्पन्नातून वजावट मागितली. कर खात्याने ती नाकारली.

१९३० साली प्रकरण अपील कोर्टात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्यापुढे आलं. लीगच्या दवाखान्यात गरीब बायकांवर मोफत उपचार होतात आणि ते धर्मादाय काम आहे, एवढं हँड यांनी मानलं. पण कायदे बदलावेत म्हणून लीग विधिमंडळाच्या मागे लागते, तेव्हा ती ‘केवळ’ धर्मादाय कामासाठी चालते असं कसं म्हणायचं? स्लीची वजावट गेली, ती या एका शब्दापायी.

या निकालामागचा विचार वाईट नव्हता. लोकांच्या भांडणात सरकारने कुणाच्याच पारड्यात पैसा टाकू नये, आणि करसवलत हाही शेवटी सरकारनेच सोडलेला पैसा. गोची पुढे आहे. दवाखान्यात रोज तीच कहाणी ऐकणारी बाई कधीतरी कायद्यावर बोलणारच. ती कोणत्या वाक्याला समाजसेविका राहिली नाही आणि राजकारणी झाली, हे कुणीतरी ठरवायला हवं. ठरवायचं कुणी, तर कर खात्याच्या कारकुनाने.

आपल्याकडेही हा खल झाला होता. विठ्ठलभाई पटेलांनी मृत्युपत्रात भारताच्या राजकीय उन्नतीसाठी सुभाषबाबूंकडे पैसे सोपवले होते. ‘राजकीय’ काम धर्मादाय होत नाही म्हणून मुंबई हायकोर्टाने ती तरतूद रद्द ठरवली. उलट काँग्रेसच्या कुशीत वाढलेल्या अखिल भारत चरखा संघाला १९४४ साली प्रिव्ही कौन्सिलने करमाफी दिली, कारण त्याचा हेतू दारिद्र्यनिवारणाचा. चरखा धर्मादाय ठरला, स्वराज्य ठरलं नाही. तो चरखा कशासाठी फिरत होता, हे तेव्हाच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असेल.

अमेरिकेत १९१३ च्या कायद्यापासून ‘समाजकल्याणासाठी’ चालणाऱ्या नागरी संस्थांचा एक वेगळा वर्ग आहे. तोच आजचा ५०१(सी)(४). संस्था ‘केवळ’ समाजकल्याणासाठी चालावी, असं कायद्याचं कलम आजही सांगतं. १९५९ साली अर्थखात्याने नियम केला तेव्हा मात्र त्यात बसलं ‘मुख्यत्वे’. मुख्यत्वे समाजकल्याण केलं की झालं. उरलेल्या वेळात थोडं निवडणुकीचं काम चालेल. थोडं म्हणजे किती, याचा आकडा नियमात नाही. पुढे वकीलमंडळींनी आपसात एकोणपन्नास टक्क्यांचा हिशेब धरला. २०१३ मध्ये राजकीय संस्थांच्या अर्जांच्या छाननीवरून अमेरिकेत जो गदारोळ झाला, त्याचं बी माझ्या मते इथे पडलं होतं. संसदेने एक क्रियाविशेषण लिहिलं, खात्याने दुसरं, आणि अर्ध्या शतकात दोघांनी ते एकमेकांशी ताडून पाहिलं नाही.

बी अंधारात असताना वर मात्र भलतंच पीक आलं. सीमारेषा पुसट असली की ती ओढणाऱ्याचा हात महत्त्वाचा होतो, हे राजकारण्यांच्या लवकर लक्षात आलं. १९६१ साली, केनेडींच्या काळात, उजव्या विचारांच्या संस्थांच्या करमाफीची छाननी करणारा खास प्रकल्प आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याला सगळे याच नावाने ओळखतात) हाती घेतला. १९६९ मध्ये निक्सन आले आणि पारडं फिरलं. युद्धविरोधी, कृष्णवर्णीय, डाव्या अशा अकरा हजारांहून जास्त व्यक्ती आणि संस्थांच्या फायली खात्याच्या एका गुप्त शाखेत जमल्या. १९७२ मध्ये व्हाइट हाउसमधून विरोधकांची यादीही आली. ती तेव्हाचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांनी तिजोरीत कुलूपबंद ठेवली, काहीच केलं नाही. सरकारी नोकरीत काही न करण्याचंही कधी मोल असतं.

मधला सिएरा क्लबचा किस्सा मला सगळ्यांत बोलका वाटतो. ९ जून १९६६ रोजी या निसर्गप्रेमी संस्थेने ग्रँड कॅन्यनमधल्या नियोजित धरणांविरुद्ध मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली. दुसऱ्याच दिवशी कर खात्याचं पत्र हजर: यापुढे तुमच्या देणगीदारांना वजावट मिळेलच, याची खात्री धरू नका. वर्ष संपायच्या आत सवलत गेली. पण ज्यांना धरणांचं सोयरसुतक नव्हतं, तेही कर खात्यावरच्या रागाने क्लबचे सभासद झाले. धरणं बारगळली.

१९८० मध्ये डेन्व्हरच्या ‘बिग मामा रॅग’ या स्त्रीवादी वर्तमानपत्राच्या खटल्यात कोर्टाने खात्याचा ‘शैक्षणिक’ कशाला म्हणायचं हा निकषच मोघम म्हणून मोडीत काढला. तीन वर्षांनी दुसऱ्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाचे न्या. रेनक्विस्ट यांनी करमाफी म्हणजे एक प्रकारचं अनुदानच, असं म्हटलं. म्हणजे सरकारने ते नाकारलं तर भाषणस्वातंत्र्य जात नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. पण दोन्ही एकत्र वाचले तर अनुदान द्यायचं की नाही ते ठरवायला सरकार मोकळं आहे, ठरवायच्या मापाचा मात्र पत्ता नाही.

जानेवारी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टात ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्याचा निकाल लागला आणि निवडणुकीत कंपन्यांच्या पैशाला वाट खुली झाली. ५०१(सी)(४) ला दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नाही. मिळतो तो पडदा. देणगीदाराचं नाव जाहीर करावं लागत नाही. अर्जांचा ओघ लागला आणि त्यांची छाननी व्हायची सिनसिनाटीच्या कार्यालयात. तिथल्या माणसांनी एक एक्सेलची यादी केली. ‘बी ऑन द लुकआउट’ची आद्याक्षरं घेऊन तिला ‘बोलो’ म्हणत. हिंदी कानाला हसू येईल, पण यादीत सापडलेल्याला खरंच बोलावं लागे. नावात ‘टी पार्टी’, ‘पेट्रियट्स’ किंवा ‘९/१२’ असे उजव्या गटांचे शब्द दिसले की अर्ज बाजूला. मग प्रश्नावली: देणगीदार कोण, पदाधिकारी पुढे निवडणूक लढवणार का, कोणत्या प्रश्नावर तुमची भूमिका काय. डिसेंबर २०१२ मध्ये जवळजवळ तीनशे अर्जांपैकी १६० अजून लोंबकळत होते, काही २०६ दिवस, काही १,१३८. त्यांतला एकही फेटाळला नव्हता. नुसतं लटकवणं हीच शिक्षा झाली.

इथे मला आमचं वाचनालय आठवतं. काही वर्षं मी त्याचा चिटणीस होतो. वार्षिक अहवाल घेऊन एका कार्यालयात गेलो, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी व्याख्यानमालेच्या यादीवर बोट ठेवलं. विषय होता शेतमालाचा भाव.

“हे राजकारण नाही का, सर?”

म्हटलं, “नाही हो, अर्थशास्त्र आहे.”

“मग शेवटी ठराव कशाला केला?”

मी गप्प. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, “अहवालात ठराव लिहू नका. ‘प्रबोधनपर कार्यक्रम’ लिहा.” मी तिथेच खाडाखोड करून दिलं. त्यांचा माझ्यावर राग नव्हता की शेतकऱ्यांवर. त्यांना ढीग उपसायचा होता. सिनसिनाटीच्या त्या यादीविषयी वाचताना मला पहिल्यांदा कटकारस्थान नाही, हे टेबल दिसलं. अर्थात, ज्याचा अर्ज तीन वर्षं अडकला त्याला या टेबलाचं कौतुक असायचं कारण नाही.

१० मे २०१३ रोजी आयआरएसच्या लोइस लर्नर या अधिकाऱ्यांनी वकिलांच्या एका सभेत, आधीच ठरवून विचारायला लावलेल्या प्रश्नाच्या उत्तरात, या छाननीबद्दल माफी मागितली. चार दिवसांनी लेखातपासणीचा अहवाल बाहेर आला आणि त्याच आठवड्यात हंगामी आयुक्त पायउतार झाले. लर्नर यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, मौनाचा हक्क वापरला, त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क आधीच बिघडल्याचं निघालं. रिपब्लिकनांना यात निक्सनचं भूत दिसलं, डेमोक्रॅटांना कारकुनी गबाळेपणा. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्याय खात्याने गैरव्यवस्थापनाचा ठपका ठेवला, खटला मात्र भरला नाही. २०१७ मध्ये आयआरएसने तडजोडीत पुन्हा माफी मागितली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या तपासणीत ‘प्रोग्रेसिव्ह’, ‘ऑक्युपाय’ असे डावे शब्दही शोधयादीत असल्याचं पुढे आलं. प्रत्यक्षात नकार मिळाला होता तो २०११ मध्ये, ‘इमर्ज’ नावाच्या संस्थेच्या राज्यशाखांना, आणि त्या डेमोक्रॅट बायकांना निवडणुकीसाठी तयार करणाऱ्या होत्या. या शेवटच्या गोष्टीवर फारसं कुणी ओरडलं नाही.

गोंधळ उघडा पडल्यावर खात्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये एकदाचं राजकारण म्हणजे काय ते लिहून काढायला घेतलं. मसुद्यावर दीड लाखांहून जास्त हरकती आल्या, डाव्या आणि उजव्या दोन्हीकडून. मसुदा मागे गेला. पुढे डिसेंबर २०१५ च्या खर्च विधेयकात काँग्रेसने असा नियम करायलाच मनाई केली आणि नंतरही ती चालू ठेवली. ज्या प्रश्नाच्या उत्तराअभावी कारकुनांना फटके बसले, तो सोडवायचाच नाही, असं सर्वानुमते ठरल्यासारखं झालं. २०१३ मध्ये चूक झाली ती मला मान्य आहे. पण ज्यांनी शब्द मोघम ठेवला ते दोन्ही पक्षांचे खासदार तेव्हा सुनावणीच्या उंच बाकावर बसून जाब विचारत होते, हे काही केल्या विसरता येत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हार्वर्डची करमाफी काढण्याची भाषा जाहीरपणे केली, तेव्हा वॉल्टर्स यांची तिजोरी पुन्हा आठवली.

सिनसिनाटीची लांबलचक प्रश्नावली आता सुटली. नवी ५०१(सी)(४) संस्था काढणाऱ्याने साठ दिवसांच्या आत फॉर्म ८९७६ ऑनलाइन भरायचा आणि पन्नास डॉलर भरायचे. नाव, पत्ता, स्थापनेची तारीख. आणि एक रकाना उद्देशाचा.

मी तिथे ‘प्रबोधन’ लिहिलं असतं.