‘चालतंय की, सर!’

उभा राहा. मागच्या बाकावरच्यांनी हसू नये. याच्याच प्रोजेक्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन तुम्ही फक्त नावं बदललीत, हे मला कळत नाही असं समजू नका.

जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून तू ॲपच्या स्प्लॅश स्क्रीनवर ‘धाराशिव’ केलंस, खाली तुळजाभवानीच्या मंदिराचा फोटो लावलास. छान दिसतंय. आता आत बघू. अँड्रॉइडच्या फोल्डरमधली ‘ग्रेडल प्रॉपर्टीज’ उघड. अक्षर मोठं कर, शेवटच्या बाकाला दिसू दे. ‘न्यू आर्च एनेबल्ड’ बरोबर ‘फॉल्स’, म्हणजे नवं आर्किटेक्चर बंद. वर तुझीच टीप: ‘हात लावू नये, ॲप बंद पडतं.’ का बंद पडतं, हे शोधलंस? नाही. विचारलं की एकच उत्तर, ‘चालतंय की, सर!’ आणि आता तोंड पाडून आलास.

तक्रार काय, तर ज्यावर ॲप उभं आहे ते मेटाचं रिॲक्ट नेटिव्ह ०.८२ वर नेलं आणि ‘फॉल्स’ लिहूनही ते ऐकत नाही. ऐकणार कसं? ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेली ती आवृत्ती फक्त नव्या आर्किटेक्चरवर चालते. त्या ओळीकडे आता कुणी बघतसुद्धा नाही. ‘मेटावाल्यांनी अचानक काढलं’ म्हणतोस? अचानक? गाभा नव्याने लिहितोय हे त्यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं. २०२२ च्या ०.६८ मध्ये ज्याला हवं त्याला ते चालू करून बघता येत होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ०.७६ ने तेच डीफॉल्ट केलं. जून २०२५ मध्ये जुनं गोठवल्याचं सांगितलं आणि ०.८० पासून नव्यात न चालणाऱ्या गोष्टींचे इशारे यायला लागले. तुझा अख्खा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यांनी सात वर्षं दवंडी पिटली. त्या पिवळ्या इशाऱ्यांचं तू काय केलंस, सांग वर्गाला. इशारे दाखवणाऱ्या ‘लॉगबॉक्स’ला ‘इग्नोर ऑल लॉग्ज’ म्हणालास आणि मोकळा झालास!

मी मेटाची तळी उचलत नाही. त्यांनी फार वेळ घेतला, मधल्या काळात निम्म्या लायब्रऱ्या इकडे, निम्म्या तिकडे, लोकांचे हाल झाले. पण हाल झाले ते बदल करू पाहणाऱ्यांचे. तू त्यांच्यात नाहीस.

बरं, काढलं काय? ‘ब्रिज’. ब्रिज म्हणजे? बघ, जिभेला कुलूप. कळंबच्या तहसिलीतून धाराशिवला टपाल जावं तसा तो कारभार होता. जावास्क्रिप्ट एकीकडे, फोनचं नेटिव्ह अंग दुसरीकडे, आणि दोघांना एकमेकांशी थेट बोलायची सोय नाही. प्रत्येक निरोप जेसनमध्ये लिहायचा, गठ्ठा बांधायचा, पाठवायचा, पलीकडे सोडून वाचायचा. उत्तर येईपर्यंत इकडे कामं पुढे गेलेली. तुझी सोयाबीनच्या भावांची यादी भरभर सरकवली की मधे पांढरा पट्टा येतो ना? बोट पुढे गेलेलं, स्क्रोलचा निरोप अजून वाटेत! नव्या रचनेत ‘जेएसआय’ नावाच्या थरामुळे जावास्क्रिप्टच्या हातात सी प्लस प्लसच्या वस्तूचा थेट संदर्भ असतो. गरज असेल तिथे हाक मारली की त्याच क्षणी उत्तर. स्क्रीन रचायचं काम ‘फॅब्रिक’कडे आणि नेटिव्ह मॉड्यूल ‘टर्बो मॉड्यूल’ होऊन लागेल तेव्हाच उघडतात.

आणि कोडजेन! याचं नाव तरी ऐकलंस का? आधी टाइपस्क्रिप्टमध्ये करार लिहायचा: या फंक्शनला आकडा येईल, याला मजकूर. त्यावरून नेटिव्ह बाजूचा सांगाडा तयार होतो आणि चूक बिल्ड होतानाच पकडली जाते. तुझ्या ॲपमध्ये क्विंटलचा आकडा मजकूर म्हणून पलीकडे जातो आणि ॲप उडतं कुठे, तर परंड्याच्या शेतकऱ्याच्या हातात, बाजार समितीच्या आवारात, पोती उतरत असताना. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी तोच माणूस बांधावर उभा राहून फोनवर पिकाची नोंद करतोय. त्याला फोन कळत नाही असं तू मला सांगितलं होतंस. कळत कुणाला नाही, ते दिसलं.

‘जुनं राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?’ बिघडलं असतं, बाळ. दोन गाभे सांभाळायचे म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा, प्रत्येक चाचणी दोनदा, आणि जे कुणी वापरत नाही तेही प्रत्येक ॲपच्या पोटात भरून पाठवायचं. स्वस्तातल्या फोनची जागा त्यात फुकट जाते. म्हणून आता त्या जुन्या क्लासेसची एकेक करून गच्छंती होते आहे.

तरीही त्यांनी तुझ्यासारख्यांची सोय ठेवली. इंटरॉप लेअर ठेवला, त्यावर बऱ्याच जुन्या लायब्रऱ्या जशाच्या तशा चालतात. ज्या कॅमेऱ्याच्या लायब्ररीपायी तू ‘फॉल्स’ला कवटाळून बसलास, ती त्यावर चालवून बघितलीस? नाही. उलट ‘नोड मॉड्यूल्स’मध्ये शिरून हाताने ओळी खोडल्यास. ते फोल्डर गिटमध्ये जात नाही, एवढंही डोक्यात आलं नाही? मग मित्राच्या मशीनवर बिल्ड होत नाही म्हणून त्याच्या लॅपटॉपला शिव्या!

बस खाली. आज घरी गेल्यावर ०.८२ सोड आणि ०.८१ वर ये. दोन्ही आर्किटेक्चर चालवणारी ती शेवटची आवृत्ती आहे. तिथे ‘ट्रू’ कर. ‘इग्नोर ऑल लॉग्ज’ची ओळ काढ. जेवढे इशारे येतील तेवढे वहीत उतरव, हाताने, आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या लायब्ररीमुळे आला ते लिही. तिची नवी आवृत्ती आहे का बघ. नसेल तर इंटरॉपवर चालते का बघ. तेही नसेल तर दुसरी शोध. ते सगळं निस्तरल्यावरच ०.८२. चॅटबॉटकडून लिहून घेतलेली यादी मला चालणार नाही, मी एकेका इशाऱ्यावर प्रश्न विचारणार आहे. आणि तुमची चौघांची पेनड्राइव्हची टोळी, तुम्हीही आपापली वही आणा. तोंडी परीक्षा तुमच्यापासून सुरू करतो.